वाचनकट्टा: आधी प्रती मोजा, मग मतं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या आधाराने दहा-बारा जणांना वाचनकट्टा सुरू करायचा आहे. महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि एका रविवारी बसून त्यावर बोलायचं. पुस्तक कोणी ठरवायचं, प्रती कुठून आणायच्या आणि त्या दोन तासांत नेमकं करायचं काय?

आधी प्रकार नक्की करा. वाचनकट्टा या एकाच नावाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी चालतात. एकात प्रत्येक जण स्वतः वाचलेल्या पुस्तकाबद्दल पाच-सात मिनिटं बोलतो. तयारी काही लागत नाही, ऐकायलाही बरं वाटतं, पण समोरच्यांपैकी कोणीच ते पुस्तक वाचलेलं नसल्यामुळे बोलणं परिचयापुढे सरकत नाही. दुसरी पुस्तक भिशी. तिच्याकडे पैशांच्या ओघात येऊ. तिसरा प्रकार तुम्ही म्हणता तो, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं. खरी चर्चा यातच होते आणि बंदही हाच प्रकार लवकर पडतो. कारण विचारलं तर 'लोकांचा उत्साह मावळला' असं सांगतात. खोलात गेलं तर लागोपाठची दोन-तीन पुस्तकं चुकीच्या पद्धतीने ठरलेली निघतात: एक कोणाला मिळालंच नाही, एक सातशे पानांचं होतं आणि एकावर 'छान आहे' यापलीकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळे या उत्तरात निवडीला जास्त जागा दिली आहे.

माणसांचा हिशेब एका ओळीत सांगता येतो. यादीवर बारा जण असले की बैठकीला आठ येतात, आणि आठ ही उत्तम संख्या आहे. पाचाच्या खाली गेलं की दोघंच बोलत राहतात. पंधराच्या वर गेलं की सभा होते.

पुस्तक कोण सुचवणार

एकच नियम कडक ठेवा: सुचवणाऱ्याने ते पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. 'खूप ऐकलंय', 'पुरस्कार मिळालाय', 'बरेच दिवस घरात पडून आहे' ही कारणं बाद. न वाचता सुचवलेलं पुस्तक फसलं की त्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

सूचना तोंडी घेऊ नका. प्रत्येकाने एका कागदावर एवढं लिहून द्यावं: नाव, लेखक, प्रकाशक, हाताशी असलेल्या आवृत्तीचं साल, पानं, किंमत. त्याखाली दोन वाक्यं. पहिलं, या पुस्तकावरून समंजस माणसांत कशावरून मतभेद होईल. दुसरं, वाचणाऱ्याला काय जड जाईल: बोली, पात्रांची गर्दी, हिंसेचे प्रसंग, पहिली पन्नास संथ पानं. यातलं पहिलं वाक्य ज्याला लिहिता येत नाही, त्याचं पुस्तक कदाचित फार सुंदर असेल, पण कट्ट्याच्या कामाचं नसतं. सगळ्यांना एकमुखाने आवडलेल्या पुस्तकावर चर्चा वीस मिनिटांत आटपते. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची 'रणांगण' घ्या. छोटी कादंबरी, दोन-तीन बसण्यांत वाचून होते, आणि नायकाच्या वागण्यावरून तासभर खुशाल भांडता येतं. कट्ट्याला हवं ते असं पुस्तक.

पानांचा हिशेब भावनेवर सोडू नका. सावकाश वाचणाऱ्याला साहित्यिक मराठी गद्याची तासाला पंचवीस पानं होतात असं धरा. अडीचशे पानांना दहा तास, म्हणजे महिनाभर रोज वीस मिनिटं. नोकरी, घर, मुलांचे अभ्यास सांभाळणाऱ्याला एवढं जमतं. चारशे पानांना रोज बत्तीस मिनिटं लागतात, आणि तिथे निम्मे लोक गळतात. म्हणून एका बैठकीला २५० पानांची मर्यादा ठेवा. त्याहून मोठं पुस्तक घ्यायचंच असेल तर दोन बैठकींत विभागा, आणि पहिला टप्पा कुठे संपतो ते प्रकरणाच्या नावानिशी सांगा. पानाचा आकडा सांगितला तर आवृत्त्या वेगळ्या असल्यामुळे घोळ होतो.

मतांच्या आधी प्रती

बहुतेक गट आधी मतं घेतात, पुस्तक ठरवतात आणि मग शोधायला निघतात. हा क्रम उलटा करा. मराठीत हे विशेष महत्त्वाचं आहे, कारण आवृत्त्या लहान असतात. ललित पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली कित्येकदा पाचशेची. ती संपल्यावर पुनर्मुद्रण होईलच असं नाही. नामवंत लेखकाचं पुस्तकही वर्षानुवर्षं दुकानात नसतं.

सूचना हातात आल्या की एकाने दोन संध्याकाळी बसून प्रत्येक पुस्तकासाठी चार ठिकाणी चौकशी करावी. पहिलं तुमचं वाचनालय: किती प्रती आहेत आणि त्यातल्या किती आत्ता कपाटात आहेत. दुसरं, गावातला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचा विक्रेता. 'मागवून देतो' म्हणाला तर आठ ते पंधरा दिवस धरा. तिसरा प्रकाशक, थेट फोनवर. संकेतस्थळावर 'उपलब्ध' असं दिसत असलं तरी गोदामात दोनच प्रती असू शकतात, म्हणून 'दहा मिळतील का' असं आकडा सांगूनच विचारा. चौथं ई-पुस्तक किंवा ध्वनिपुस्तक आहे का. किंडल आणि स्टोरीटेलवर मराठी बरंच आहे, पण हवं तेच असेल याची खात्री नाही.

या चौकशीत बारा जणांमागे किमान सहा छापील प्रतींची सोय होत नसेल तर ते पुस्तक मतदानाला ठेवूच नका. वेगळ्या वहीत नोंदवून ठेवा, पुनर्मुद्रण निघालं की बघता येईल. मतदान होऊन जिंकलेलं पुस्तक नंतर बाद करावं लागलं तर सुचवणारा हिरमुसतो आणि पुढच्या वेळी सुचवतच नाही.

याच टप्प्यावर आवृत्तीही पक्की करा. हा नुसता पानांच्या आकड्यांचा प्रश्न नाही, कधी कधी मजकूरच वेगळा असतो. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' हे ठळक उदाहरण. १८५७ च्या धामधुमीतलं हे प्रवासवर्णन चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली बरेच फेरफार करून छापलं. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. अर्ध्या गटाकडे वैद्यांची आणि अर्ध्याकडे मूळ मजकुराची प्रत असेल तर बैठकीत लोक दोन निराळी पुस्तकं वाचून आलेले असतील. अर्थात ठरवून तसं केलंत, तर ती बैठक फार रंगेल. 'स्मृतिचित्रे'ची संपूर्ण आणि संक्षिप्त अशी दोन्ही रूपं मिळतात. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव ठरावात लिहा. गाजलेल्या परभाषी पुस्तकांचे मराठीत एकाहून जास्त अनुवाद असतात, आणि त्यात गाळलेला भाग किती हे मुखपृष्ठावर लिहिलेलं नसतं.

मतदान

व्हॉट्सॲपच्या पोलवर पुस्तक ठरवू नका. कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. पहिली तीन मतं ज्येष्ठांची पडली की बाकीचे त्यांच्यामागे जातात. चिठ्ठ्या वापरा, नाहीतर नावं न दिसणारा गुगल फॉर्म.

'एक माणूस एक मत' ही पद्धतही कट्ट्याला सोयीची नाही. बारा जण, पाच पुस्तकं. 'अ'ला पाच मतं, 'ब', 'क', 'ड'ला दोन-दोन, 'इ'ला एक. 'अ' जिंकलं, पण सात जणांना ते नको होतं, आणि तेच सात जण पुढच्या महिन्यात 'या वेळी जमलं नाही' म्हणतात. त्याऐवजी प्रत्येकाने तीन पुस्तकांना ३, २ आणि १ असे गुण द्यावेत. त्याच बारा जणांत 'अ'ला पाच जणांचे तीन-तीन मिळून १५ गुण होतात. बाकी कोणी त्याला हातही लावलेला नाही. 'ब'ला दोघांचे ३, सात जणांचे २ आणि दोघांचा १ असे २२ होतात. अकरा जणांना चालणारं पुस्तक हे आहे. शिवाय चिठ्ठीवर 'हे मी वाचणार नाही' असा एक रकाना ठेवा. चौघांनी त्यात एखादं नाव लिहिलं तर गुण कितीही असोत, ते बाजूला.

दर महिन्याला मतदान करायची गरज नाही, त्यात बैठकीची पंधरा-वीस मिनिटं जातात आणि प्रती जमवायला वेळ उरत नाही. वर्षातून दोनदा, सहा महिन्यांची पुस्तकं एकदम ठरवा. वरच्या गुणांची सहा सरळ उचलू मात्र नका, नाहीतर सहाही कादंबऱ्याच येतील. आधी खण ठरवा: दोन कादंबऱ्या, एक आत्मकथन, एक कथासंग्रह किंवा कवितासंग्रह, एक वैचारिक किंवा इतिहासाचं, एक दुसऱ्या भारतीय भाषेतून अनुवादित. प्रत्येक खणात स्वतंत्र गुण मोजा. कन्नड, बंगाली, मल्याळममधून आलेली पुस्तकं खण ठेवल्याशिवाय कधीच निवडून येत नाहीत, आणि आली की लोक हमखास म्हणतात, हे आधी का नाही वाचलं.

पंचांगही समोर ठेवा. मार्चला परीक्षा, मे महिन्यात लग्नं आणि गावाला जाणं, गणपतीत कोणालाच वेळ नाही. त्या महिन्यांत दीडशे पानांच्या आतलं ठेवा किंवा बैठकच वगळा. वर्षाला नऊ बैठकी म्हणजे चांगली चाल आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीला पुस्तक नकोच. 'मनोरंजन'ने १९०९ साली सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा याच कामाला येते: वाचनालयाचे अंक वाटून घ्या आणि सगळ्यांनी वाचायचे म्हणून तीन कथा व एक लेख आधीच ठरवा. नुसतं 'अंक वाचून या' म्हटलं तर दहा जण दहा वेगळे मजकूर वाचून येतात.

कोणत्या पुस्तकात काय अडतं

छोट्या, एकाच निवेदकाच्या कादंबरीने सुरुवात करणं सर्वांत सुरक्षित. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पहिल्या तीन बैठकींसाठी मला नेहमी योग्य वाटते: लहान आहे, कोणत्याही वाचनालयात असते, आणि धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर जे सांगतो त्यापेक्षा जे त्याला दिसत नाही त्यावर जास्त बोलता येतं.

पौराणिक आणि ऐतिहासिक लोकप्रिय कादंबऱ्यांचा त्रास वेगळाच. त्या सगळ्यांनी सोळाव्या वर्षी वाचलेल्या असतात, 'वाचलंय मी' म्हणून कोणी पुन्हा उघडत नाही, आणि बैठकीत प्रत्येक जण आठवणीतल्या पुस्तकाबद्दल बोलतो. ऐतिहासिक कादंबरीत पंधराव्या मिनिटाला चर्चा 'खरंच असं घडलं होतं का' याकडे वळते आणि पुस्तक टेबलावर पडून राहतं. घ्यायचीच असेल तर दोन अटी घाला: निदान पहिली शंभर पानं नव्याने वाचून यायचं, आणि इतिहासाचे मुद्दे एका कागदावर टिपून शेवटची वीस मिनिटं त्यांनाच द्यायची.

कवितासंग्रह सलग वाचायला देऊ नका. आठ-दहा कविता निवडा, बैठकीत प्रत्येक कविता दोन वेगळ्या आवाजांत दोनदा वाचली जाऊ द्या आणि मगच बोला. कथासंग्रहातल्या तीन कथा पुरेत. नाटक असेल तर भूमिका वाटून एक अंक मोठ्याने वाचा. ज्यांना चर्चेत तोंड उघडायचा संकोच वाटतो ती माणसं इथे खुलतात. यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं टाळा, त्यावर माणसं पुस्तकाबद्दल बोलण्याऐवजी एकमेकांना सल्ले देऊ लागतात.

बोलीतलं पुस्तक, मालवणी असो, अहिराणी असो की वऱ्हाडी, शहरी गटाला पहिल्या वीस पानांत थकवतं. सुचवणाऱ्याने तीस-चाळीस शब्दांची यादी करून आधीच्या बैठकीत वाटावी आणि सुरुवातीची दोन पानं स्वतः मोठ्याने वाचून दाखवावीत. कान एकदा बसला की पुढचं जमतं.

दलित आत्मकथनं या यादीत असलीच पाहिजेत, आणि तिथेच सूत्रधाराचा कस लागतो. दोन गोष्टी ठरलेल्या असतात. कोणीतरी 'आता असं काही राहिलेलं नाही' म्हणतं, आणि गटात त्या समाजातलं कोणी असेल तर सगळे त्याच्याकडे वळून 'तुम्हीच सांगा' म्हणतात. पहिल्या वाक्यावर सूत्रधाराने वाद न घालता एखाद्या पानावर आणावं: अमुक प्रसंगात शेजारी जसं वागतात, त्याबद्दल काय वाटतं? दुसरं आधीच थांबवावं. तो माणूसही वाचक म्हणूनच आलेला आहे, समाजाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे. त्याला आपणहून काही सांगायचं असेल तर तो सांगेल.

प्रती आणि पैसे

बारा जणांना बारा प्रती लागत नाहीत. एका घरातल्या दोघांना एक, दोघा-तिघांकडे आधीच असते, वाचनालयाची एक. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'क' किंवा 'ड' वर्गाच्या वाचनालयात एका पुस्तकाची दुसरी प्रत क्वचितच सापडेल, पण खरेदीची यादी होण्याआधी ग्रंथपालाकडे तुमची सहा पुस्तकं पोहोचली तर त्यातली काही नक्की येतील. ग्रंथपालाला पहिल्या दिवसापासून सभासद करून घ्या. कोणतं पुस्तक कोणी अर्ध्यात परत केलं हे त्या एकाच माणसाला ठाऊक असतं.

उरलेल्या चार-पाच प्रती गटाच्या. महिन्याला माणशी शंभर रुपये काढले तर बारा जणांचे १२००, म्हणजे तीनशे रुपयांच्या चार प्रती. एकाच पुस्तकाच्या चार-पाच प्रती एकदम घेताना सवलत मागायला लाजू नका, विक्रेते आणि प्रकाशक दोघेही देतात. पंधरा-पंधरा दिवसांच्या दोन पाळ्या करा. पहिल्या पाळीतले बैठकीपर्यंत विसरतात, म्हणून त्यांनी पुस्तकाबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: पाच पानांचे आकडे आणि प्रत्येकापुढे एक ओळ. पुस्तकात पेन चालवायचं नाही. वाचून झालेल्या प्रती वाचनालयाला द्या, किंवा शेजारच्या गावात असा गट असेल तर अदलाबदल करा.

पुस्तक भिशी याला जोडता येते. माणशी दोनशे रुपये, बारा जणांचे २४००. त्यातले माणशी पन्नास, म्हणजे ६००, गटाच्या प्रतींना आणि उरलेल्या १८०० ची चिठ्ठी. जिचं नाव निघेल तिने त्या पैशांची आपल्या आवडीची पुस्तकं घ्यायची, पुढच्या बैठकीत बिलासकट आणायची आणि पाच मिनिटं त्यांच्याबद्दल बोलायचं. पाचच. पुस्तकं तिचीच राहतात, पण मागेल त्याला वाचायला द्यायची. पैशांची वही एकाकडे आणि पुस्तकांच्या देण्याघेण्याची दुसऱ्याकडे असावी.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत शंभर पुस्तकांची पेटी मिळते, याची अनेक जण चौकशी करतात. घरोघरी वाचन वाढवायला ती उत्तम आहे, पण पेटीत वेगवेगळी पुस्तकं असतात. एकाच पुस्तकाच्या सहा प्रती त्यात मिळणार नाहीत. सुचवणाऱ्यांना नवं काही सापडावं यासाठी तिचा उपयोग करा.

पीडीएफचा प्रश्न येणारच. कोणीतरी तिसऱ्या दिवशी गटावर फाइल टाकतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क असतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजून. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. ते खुशाल वाटा. हयात लेखकाचं स्कॅन केलेलं पुस्तक नाही, आणि सबंध पुस्तकाची झेरॉक्सही नाही. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत बारा प्रती कमी खपणं म्हणजे किती, हे गुणाकार न करताही कळतं. बैठकीत उतारे मोठ्याने वाचायला मात्र काही आडकाठी नाही.

ध्वनिपुस्तक ऐकून आलेल्याला कमी लेखू नका, विशेषतः डोळ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना. फक्त ते संक्षिप्त रूप नाही ना एवढं पाहा. त्यांच्यासाठी उताऱ्याचं पान सांगताना प्रकरणही सांगा.

दोन तास

सूत्रधार दर वेळी बदला, आणि ज्याने पुस्तक सुचवलं त्याला त्या दिवशी सूत्रधार करू नका. तो पुस्तकाचा वकील होतो आणि टीका त्याला अंगाला लागते.

वेळ सहा ते आठ. पहिली दहा मिनिटं चहा आणि उशिरा येणाऱ्यांसाठी. मग एक फेरी, प्रत्येकाला दोन मिनिटं, एकच प्रश्न: वाचताना कुठे थांबलात? पान सांगायचं आणि थांबण्याचं कारण. थांबणं आवडल्यामुळे असेल, चिडून असेल, समजलं नाही म्हणूनही असेल. ही फेरी बसल्या क्रमाने घ्या आणि सर्वांत जास्त बोलणाऱ्याला शेवटी बसवा. आठ-दहा जणांची वीस मिनिटं होतात, आणि त्यातूनच पुढच्या तासाचे दोन मुद्दे आपोआप वर येतात, कारण तीन-चार जण एकाच प्रसंगाशी थांबलेले असतात.

पुढचा तास खुल्या चर्चेचा. सूत्रधाराने चार प्रश्न लिहून आणावेत, त्यातले दोनच वापरले जातील. 'लेखकाला काय सांगायचंय' हा प्रश्न शाळेतला आहे. तो आला की लोक उत्तरपत्रिका लिहायला लागतात. 'आवडलं का' याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. चालणारे प्रश्न ठोस असतात. हे कोण सांगतंय आणि त्याला हे कसं ठाऊक? 'बनगरवाडी' मास्तराऐवजी कारभाऱ्याने सांगितली असती तर काय गाळलं गेलं असतं? शेवटची दहा पानं नसती तर चाललं असतं का? कोणत्या पात्रावर लेखकाने अन्याय केलाय? दावा करणाऱ्याने पान दाखवायचं, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भाषणं टळतात.

पुस्तक पुरं न झालेल्यांनी यायचं की नाही? यायचं. शेवट कळेल ही तक्रार मात्र करायची नाही. आणि पहिल्या फेरीत कुठपर्यंत वाचलं ते प्रामाणिकपणे सांगायचं. तिघे एकाच प्रकरणापाशी अडकले असतील तर तोच चर्चेचा विषय आहे. लागोपाठ तीन बैठकी न वाचता येणाऱ्याशी मात्र बाजूला घेऊन बोला.

शेवटची पंधरा मिनिटं पुढच्या पुस्तकाची: प्रती वाटणं, पाळ्या, तारीख, सूत्रधाराचं नाव. त्याच रात्री गटावर चार ओळींचं टिपण टाका. गटावर त्याशिवाय पुस्तकांचंच बोला. सुप्रभात आणि वाढदिवस सुरू झाले की महत्त्वाची सूचना कोणी वाचत नाही.

आता आपल्याकडचे खास धोके. अध्यक्ष, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि आभारप्रदर्शन यांना पहिल्या दिवशीच बंदी घाला. त्यात चाळीस मिनिटं जातात आणि पाहुण्यांच्या भाषणानंतर कोणी मोकळं बोलत नाही. स्वतःच्या कविता वाचायच्या नाहीत, हाही नियम लेखी असू द्या, तोंडी ठेवला तर टिकत नाही. खाण्यात चहा आणि एकच जिन्नस. यजमानांत पोहे विरुद्ध ढोकळा अशी चढाओढ लागली की घरात जागा कमी असलेले लोक बैठक घ्यायला कचरतात. म्हणूनच वाचनालयाची खोली बरी.

आणि स्थानिक लेखक. गट सुरू झाल्याचं कळलं की महिन्याभरात कोणीतरी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकाच्या दहा प्रती भेट घेऊन येतं. भेट नाकारू नका, वाचनालयात ठेवा. पण यादीत यायचं तर बाकीच्यांसारखं सूचनेच्या कागदावरून आणि मतदानातूनच. लेखक समोर बसलेला असताना पुस्तकावर खरं बोलणं होत नाही, मग तो कितीही मोठा असो. लेखकाला बोलवायचं असेल तर पहिला तास गटाने एकट्याने चर्चा करावी, प्रश्न लिहून काढावेत आणि मग त्याला आत बोलवावं. सभासदाचं किंवा सभासदाच्या नातलगाचं पुस्तक असेल तर मी तरी ते घेणारच नाही.

परगावी गेलेल्या सभासदांसाठी खोलीत मधोमध एक मोबाइल ठेवून बैठक घेण्याचा प्रयोग बहुधा फसतो: त्यांना ऐकू येत नाही आणि खोलीतले त्यांना विसरतात. तीन महिन्यांतून एखादी बैठक सगळ्यांसाठीच ऑनलाइन ठेवा. परदेशातल्या मराठी मंडळींचा गट असेल तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालाचा खर्च जास्त पडतो, तिथे चौकशीचा क्रम बदला. आधी ई-पुस्तक आहे का ते पाहा, मग बाकीचं.

सुरुवातीला सहा महिन्यांची यादी करत बसू नका. पहिली तीन पुस्तकं ग्रंथपाल आणि दोघा-तिघांनी मिळून ठरवून टाका, तिन्ही दोनशे पानांच्या आतली आणि वाचनालयात हमखास असणारी. सूचनेचे कागद दुसऱ्या बैठकीत वाटा, तिसरीच्या आधी प्रतींची चौकशी उरका आणि मतदान तिसऱ्या बैठकीच्या शेवटी घ्या. तोवर कोण खरंच वाचतं आणि कोण नुसतं येतं, हे कळलेलं असतं. मतं वाचणाऱ्यांचीच मोजा.